थंडीने जळणे : एका क्रियापदाचा इतिहास

पौषाच्या सुमारास मराठवाड्यातील बोलण्यात एक वाक्य हमखास येते : ‘थंडीनं केळी जळाली.’ नांदेडहून अर्धापूरकडे जाताना ते बागेच्या बांधावर ऐकू येते. लातूर-औशाच्या बाजूला केळीच्या जागी काकडी, भोपळा, टोमॅटो अशी नावे येतात, क्रियापद मात्र तेच राहते. पदवीच्या वर्गात अलंकार शिकवताना आम्ही हे वाक्य अनेक वर्षे विरोधाभासाचे बोलीतील उदाहरण म्हणून देत आलो. जिचा धर्म गारवा, तिच्याकडून दाहाचे कार्य घडते. म्हणून वरवर विरोध, आणि अर्थाच्या पातळीवर त्याचा परिहार. उदाहरण जवळचे असल्याने विद्यार्थ्यांना पटकन कळे आणि उत्तरपत्रिकेतही उतरे.

एका वर्षी मात्र अर्धापूर परिसरातून येणारा एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला आणि म्हणाला, ‘सर, हा अलंकार नाही. पान खरंच जळतं. या एकदा, दाखवतो.’ पुढच्या रविवारी आम्ही दोघे-तिघे गेलो. पानांच्या कडा तपकिरी, कागदासारख्या कोरड्या पडल्या होत्या. घडावरच्या फळांचा रंग मळकट झाला होता. त्याने एक फळ तोडून सालीचा वरचा थर नखाने खरवडला, तेव्हा आत उभ्या, तांबूस-तपकिरी रेषा दिसल्या. जणू कुणी तापलेल्या सुईने रेघा ओढल्या होत्या. आठवडाभर थंडी कडक होती, तरी पाणी गोठेल इतकी ती कधीच नव्हती. मग हे काय होते? आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारत, त्यांच्याकडची पुस्तके समजून घेत जे हाती लागले, त्याचा हा आढावा आहे. तो एका क्रियापदाचा इतिहास आहे, म्हणून साहित्याच्या अभ्यासकांपुढे ठेवण्याचे धाडस करतो.

प्रथम शब्दांकडे पाहू. थंडीने होणाऱ्या बदलांसाठी मराठीत किमान तीन वेगळी क्रियापदे आहेत आणि आपण ती सहसा एकमेकांच्या जागी वापरत नाही. पाणी ‘गोठते’. माणूस, गुरे, कोंबड्या ‘गारठतात’. तूप आणि खोबरेल ‘थिजते’. गोठण्यात बर्फ आहे. गारठण्यात बर्फ नाही, पण सजीवाची हालचाल मंदावणे आहे. थिजण्यात पातळ पदार्थाने घट्ट होणे आहे. चौथे क्रियापद ‘जळणे’. ते अग्नीचे, पण पिकाच्या बाबतीत थंडीलाही लागते. ‘करपणे’ही त्याच घरातले. खानदेशातील केळीउत्पादक थंडीने होणाऱ्या या दुखण्याला ‘चरका’ म्हणतात, आणि चरका म्हणजे भाजल्याचा डाग, चटका. नांदेड आणि जळगाव यांच्यात एवढे अंतर असून दोन्हीकडच्या बोलींनी थंडीसाठी अग्नीचाच शब्द उचलावा, हा केवळ योगायोग नसावा.

संस्कृत काव्यात हिमाने नष्ट होणारे कमळ हा जुना संकेत आहे. ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गातील अजविलापात कालिदासाने तो वापरला आहे. फुलमाळेच्या आघाताने इंदुमती मृत झाली, तेव्हा कोमल वस्तूचा नाश कोमल वस्तूनेच होतो याला दाखला म्हणून अज हिमाने गेलेल्या कमलिनीकडे बोट दाखवतो. त्या दाखल्यात एक अचूक निरीक्षण आहे : हिमाचा घाव दिसत नाही, त्याचा परिणाम दिसतो. काहीही तुटलेले नाही, फुटलेले नाही, आणि तरीही वनस्पती गेलेली आहे. वनस्पतीच्या आत नेमके काय होते, हा प्रश्न तेथून सुरू होतो.

युरोपात या प्रश्नाकडे शास्त्राच्या अंगाने पाहण्यास अठराव्या शतकात सुरुवात झाली. तेथील थंडी ही मुळात गोठवणारी थंडी. १७०९ सालच्या भयंकर हिवाळ्याची आठवण फ्रान्समध्ये ताजी असताना, १७३७ मध्ये ब्यूफाँ आणि द्युआमेल द्यु माँसो या दोघांनी झाडांवर होणाऱ्या हिमाच्या परिणामांविषयी एक निबंध लिहिला. त्यांचे स्पष्टीकरण सहज पटणारे होते. पाणी गोठले की फुगते. गच्च भरलेले मडके जसे गोठल्यावर तडकते, तसे झाडातील रस गोठला की त्याचे सूक्ष्म कप्पे फुटत असले पाहिजेत. पुढची सुमारे शंभर वर्षे हे मत टिकले. ते उपमेच्या बळावर टिकले, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१८३० मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ग्योपर्ट याने थंडीने मेलेल्या वनस्पतींचे भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा कप्पे फुटलेले आढळले नाहीत. मडक्याची उपमा गेली. मग वाद सुरू झाला तो मृत्यूच्या क्षणाचा. वनस्पती गोठताना मरते, की गोठलेली असताना जिवंत राहून वितळताना मरते? युलियस साक्स याचा भर वितळण्यावर होता : सावकाश वितळू दिले तर वाचते, झपाट्याने वितळली तर मरते. ग्योपर्टने १८७१ च्या सुमारास याला एका फुलाने उत्तर दिले. कॅलँथी नावाच्या ऑर्किडच्या पांढऱ्या पाकळ्यांत निळीचे मूळ द्रव्य असते. पाकळीतील पेशी जिवंत असेपर्यंत ते वेगळे राहते आणि पेशी मेल्या की त्यापासून नीळ तयार होऊन पाकळी निळी पडते. म्हणजे मृत्यूची वेळ सांगणारे हे फूल. ते गोठतानाच निळे झाले. वितळण्याची वाट त्याने पाहिली नाही. या प्रयोगातील एक गोष्ट पुढे आपल्याला लागणार आहे : पेशी जिवंत असते तोवर तिच्या आतल्या वस्तू आपापल्या खोलीत असतात; मेली की भिंती पाझरतात आणि जे एकत्र यायला नको ते एकत्र येते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. म्युलर-थुर्गाऊ याने दाखवले की बर्फ बहुधा पेशीच्या आत तयार होत नाही, तो पेशींमधल्या मोकळ्या जागेत तयार होतो. तो वाढत जाताना पेशीतील पाणी बाहेर ओढून घेतो. १८९७ मध्ये हान्स मोलिश याने सूक्ष्मदर्शकाभोवतीच गोठवण पेटी बसवून ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली. शेवाळाचे हिरवे धागे बर्फात वेढले जाऊन पाणी गमावत आकसत होते. गोठून मरणारी पेशी एका अर्थाने तहानेने मरत होती. भोवती पाणी होते, पण ते सारे बर्फ झालेले. दुष्काळ आणि हिम यांचा परिणाम पेशीच्या पातळीवर इतका सारखा निघावा, याचे मराठवाड्यातील वाचकाला आश्चर्य वाटू नये. पाने वाळून कोळ होणे दोन्हीकडे सारखेच दिसते.

मोलिशचे याहून मोठे काम म्हणजे त्याने केलेला भेद. काही उष्णप्रदेशी वनस्पती शून्याच्या बऱ्याच वर, बर्फाचा मागमूस नसतानाही आजारी पडतात आणि मरतात, हे तुरळकपणे आधीही नोंदले गेले होते. तंबाखू आणि भोपळा यांची मुळे थंड मातीत राहिली तर माती गोठलेली नसतानाही पाने माना टाकतात, हे साक्सने पाहिले होते. मोलिशने या दोन प्रकारांना दोन शब्द दिले : ‘एर्फ्रीरेन’ म्हणजे गोठणे आणि ‘एर्केल्टुंग’, ज्याचा जर्मन भाषेतील रोजचा अर्थ ‘सर्दी होणे’. हा भेद वाचताना आम्ही थबकलो, कारण आपल्या भाषेत तो आधीपासून आहे. गोठणे आणि गारठणे. हाच मोलिश पुढे, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, १९२८-२९ मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या कलकत्त्यातील संस्थेत पाहुणा म्हणून राहिला आणि त्या प्रवासावर त्याने पुस्तकही लिहिले. ज्या वनस्पती गारठतात पण गोठत नाहीत, त्यांच्या देशात तो अखेर पोहोचला.

आपला प्रश्न हा गारठण्याचाच आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवाचे हिमकण होतात, सातपुड्याच्या माथ्यावर गवत पांढरे होते. नांदेड-लातूरकडे असे दृश्य दुर्मीळच. परभणीच्या कृषी विद्यापीठातील वेधशाळेत २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा तीन अंशांच्या आसपास उतरला, ती मराठवाड्यातील गाजलेली थंडी. तीही शून्याच्या वरचीच. म्हणजे ब्यूफाँपासून म्युलर-थुर्गाऊपर्यंतचे बर्फाचे शास्त्र केळीच्या त्या पानाला लागू पडत नव्हते.

गारठण्याचे शास्त्र मुख्यतः व्यापारामुळे वाढले. केळी जहाजातून दूरदेशी न्यायची तर ती थंड ठेवावी लागते; पण सफरचंदाप्रमाणे शून्याजवळ ठेवली तर ती काळी पडतात, पिकत नाहीत. साधारण १३ अंशांच्या खाली केळे बिघडते, हे घरात शीतकपाट असलेल्या प्रत्येकाने अनुभवले आहे. महाराष्ट्रातही या विषयाला जुना इतिहास आहे. पुण्याजवळ गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात १९३० च्या दशकात जी. एस. चिमा आणि डी. व्ही. करमरकर यांनी आंबा व इतर फळांच्या शीतसाठवणीचे प्रयोग केले. द्राक्षाच्या ‘चिमा साहेबी’ या वाणातून चिमांचे नाव पुढे शेतकऱ्यांच्या तोंडी राहिले. थंडीवरचे त्यांचे काम मात्र तितके आठवले जात नाही.

आता पेशीच्या आत शिरू. त्याआधी ‘पेशी’ या शब्दाविषयी एक गंमत सांगायला हवी. संस्कृत वैद्यकात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. हिंदीत आजही ‘मांसपेशी’ म्हणजे आपण ज्याला स्नायू म्हणतो ते. हिंदीने सूक्ष्म घटकासाठी ‘कोशिका’ हा शब्द केला, तर मराठीने ‘पेशी’ला तिथे बसवले आणि मांसासाठी ‘स्नायू’ हा मुळात कंडरेचा शब्द सरकवला. आपली शालेय पुस्तके आज जी परिभाषा वापरतात (पेशीभित्तिका, प्रद्रव्यपटल, पेशीद्रव्य, रिक्तिका, हरितलवक, तंतुकणिका) ती अशा सरकवासरकवीतून घडली आहे आणि चांगली घडली आहे. या लेखाला ती पुरेशी आहे.

वनस्पतीची पेशी म्हणजे एक वाडा समजा. बाहेर जाड पेशीभित्तिका, तिला लागून आतून प्रद्रव्यपटल हे अतिशय पातळ आवरण. मधोमध पाण्याने भरलेली मोठी खोली, रिक्तिका. तिच्यात आम्ले, क्षार आणि फळाला तुरटपणा देणारी द्रव्ये साठवलेली. भोवतीच्या पेशीद्रव्यात हरितलवके, जिथे प्रकाशावर अन्न तयार होते, आणि तंतुकणिका, जिथे ते अन्न श्वसनातून वापरले जाते. या प्रत्येक खोलीला स्वतःचे पटल आहे. पेशीद्रव्य स्थिर नसते, ते सतत फिरत असते. हे फिरणे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. १९५६ मध्ये लुइस नावाच्या संशोधकाने टोमॅटो, कलिंगड, तंबाखू यांच्या देठावरील लव दहा अंशांपर्यंत थंड केली, तेव्हा एक-दोन मिनिटांतच हे फिरणे जवळजवळ थांबले. मुळा आणि गाजर यांत मात्र ते शून्याजवळही चालू राहिले. गारठणे म्हणतात ते हे. वाड्यातली माणसे जागच्या जागी थांबतात.

का थांबतात? येथे तिसरे क्रियापद येते. पेशीतील सगळी पटले स्निग्ध पदार्थांची बनलेली असतात. ती तेलासारखी पातळ, हलती असतात, म्हणूनच त्यांतून हवे ते आत येते, नको ते बाहेर राहते. मराठवाड्यातील स्वयंपाकघरात हिवाळ्याच्या सकाळी हा फरक फडताळात मांडलेला असतो : साजूक तूप थिजते, खोबरेल थिजते, करडईचे तेल पातळच राहते. करडईच्या तेलात असंपृक्त मेदाम्ले अधिक. त्यांच्या साखळ्यांना बाक असतो, त्या एकमेकींना चिकटून रचल्या जात नाहीत. तुपातील बहुतेक साखळ्या सरळ; थंडी पडली की त्या ओळीने बसतात. १९६४ मध्ये लायन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की गारठणाऱ्या वनस्पतींच्या तंतुकणिकांच्या पटलांत असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण थंडी सोसणाऱ्या वनस्पतींहून कमी असते. १९७० मध्ये लायन्स आणि रेझन यांनी अशा तंतुकणिकांचा श्वसनवेग वेगवेगळ्या तापमानांना मोजला. तापमान उतरेल तसा वेग सावकाश कमी होत होता. दहा-बारा अंशांच्या आसपास मात्र तो एकदम घसरला. थंडी सोसणाऱ्या वनस्पतींत ही घसरण नव्हती. पटल थिजते, हा त्यांचा निष्कर्ष.

तो निष्कर्ष पुढे जसाच्या तसा टिकला नाही. संपूर्ण पटल तुपासारखे घट्ट होत नाही, त्याचा काही भागच थिजतो. शिवाय पेशीतील सूक्ष्मनलिकांचा सांगाडा थंडीत विस्कळीत होतो, काही विकरे निकामी होतात, अशी अनेक कारणे जोडली गेली. तरी मुख्य धागा तुटला नाही. १९९२ मध्ये जपानमधील मुराता आणि सहकाऱ्यांनी तंबाखूच्या झाडात भोपळ्याचे एक जनुक घातले, तेव्हा पटलातील सरळ साखळ्या वाढल्या आणि ते झाड अधिक गारठू लागले. थंडी सोसणाऱ्या दुसऱ्या एका वनस्पतीचे तेच काम करणारे जनुक घातले, तेव्हा ते अधिक काटक झाले. मेदाच्या साखळीतील एका बाकावर झाडाचे थंडीतील आयुष्य इतके अवलंबून असते.

आता ‘जळणे’. पटल थिजल्यानंतर जे घडते त्याचे दोन भाग आहेत, आणि दोन्ही रसायनशास्त्राच्या भाषेत ज्वलनाच्या जातीचे आहेत. पहिला भाग प्रकाशाचा. टेलर आणि क्रेग या न्यूझीलंडमधील संशोधकांनी १९७१ मध्ये ज्वारी, मका, सोयाबीन ही झाडे दहा अंशांवर आणि प्रखर प्रकाशात ठेवून त्यांची हरितलवके इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. हरितलवके फुगली होती आणि त्यांच्या आतली चवडीसारखी पटले बिघडली होती. नुसत्या थंडीचे हे काम नव्हते. थंडी आणि ऊन एकत्र आल्यावरचे होते. हरितद्रव्य सकाळच्या उन्हात प्रकाश पकडत राहते, पण थंडीने मंदावलेल्या पुढच्या क्रिया ती ऊर्जा वापरू शकत नाहीत. ती अनावर ऊर्जा ऑक्सिजनला उग्र रूप देते आणि तो ऑक्सिजन हरितलवकाच्या पटलांनाच ऑक्सिडित करू लागतो. मराठवाड्यातील हिवाळ्याची रात्र निरभ्र असते म्हणून कडक, आणि दुसऱ्या दिवशीचे ऊन त्याच निरभ्रतेमुळे लखलखीत. त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी आम्हाला सांगितले होते की पहाटे पान बरे दिसते, ऊन चढले की जळते. आम्ही ते ऐकून सोडून दिले होते. टेलर आणि क्रेग यांच्या प्रयोगाचे सार त्या वाक्यात होते.

दुसरा भाग रिक्तिकेचा. तिचे पटल पाझरू लागले की आतली तुरट द्रव्ये बाहेर पडतात आणि पेशीद्रव्यातील विकरांना भेटतात. ऑक्सिजनच्या साहाय्याने त्यांची तपकिरी रंगद्रव्ये होतात. कापलेले वांगे काळे पडते तसे. सालीखाली दिसलेल्या त्या तांबूस रेषा याच होत्या. ग्योपर्टच्या ऑर्किडमध्ये जी नीळ दिसली, तिचे केळीतील रूप म्हणजे ही तपकिरी रेघ. भिंती पाझरल्या, खोल्या मिसळल्या, आणि ज्वालेशिवाय, पण ऑक्सिजनच्याच हातून, पेशी जळाली.

तेव्हा ‘थंडीनं केळी जळाली’ या वाक्यात विरोध नाही. ते वर्णन आहे, आणि त्यातील क्रियापदे क्रमाने लावली तर आजाराचा पूर्ण क्रम मिळतो : पेशी गारठते, तिचे पटल थिजते, मग ऊन पडल्यावर ती जळते. गोठणे या क्रमात येतच नाही. बोलीने ते क्रियापद केळीसाठी वापरलेही नाही.

याच बांधाच्या पलीकडे त्या दिवशी हरभरा होता आणि तो खुशीत होता. हरभऱ्याला थंडी मानवते, असे आपल्याकडे म्हणतात. एकाच रात्रीने एकाला फुलवावे आणि दुसऱ्याला जाळावे, याचे कारण दोघांच्या मूळ गावात आहे. हरभरा आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागातला, थंड हिवाळ्यांच्या प्रदेशातला. केळी आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या दमट अरण्यांतली, जिथे दहा अंश म्हणजे काय हे झाडाला कधी कळलेच नाही. गोदावरीच्या काठी, विष्णुपुरीचे किंवा इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी पीत दोघे शेजारी उभे आहेत. पण पटलातील मेदाम्लांत प्रत्येकाने आपला जुना देश जपून ठेवला आहे. ज्वारीची कथा या दोहोंच्या मधली. ती आफ्रिकेची, म्हणून तीही मुळात गारठणारी. पोटरीत असताना कडाक्याची थंडी पडली तर परागकण वांझ राहतात आणि कणीस पोचट होते. पण दख्खनच्या शेतकऱ्यांनी शतकानुशतके निवडून निवडून तिला हिवाळ्याची सवय लावली. मोहोळची मालदांडी हे त्या निवडीचे फळ आहे. केळीला असा अवधी मिळालेला नाही. ती कंदातून, मुनव्यांतून वाढते. तिला बी नाही, म्हणून पिढ्यापिढ्यांतून निवड होण्याची वाटही जवळजवळ बंद आहे.

या माहितीचा व्यवहाराशी थेट संबंध आहे आणि तो सांगितल्याशिवाय लेख संपवणे बरे नव्हे. फळपीक विमा योजनेच्या गेल्या काही वर्षांतील अटींनुसार केळीला थंडीची भरपाई मिळण्यासाठी हिवाळ्यात सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याहून खाली नोंदले जावे लागते. नोंद होते ती हवामान केंद्राच्या आडोशात, जमिनीपासून काही उंचीवर ठेवलेल्या तापमापकाची. निरभ्र रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे टाकत असते, त्यामुळे ते त्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक गार होते. शिवाय गारठण्याचे नुकसान तापमान आणि काळ या दोहोंच्या गुणाकाराने ठरते : एका रात्रीचे सहा अंश आणि पंधरा रात्रींचे दहा अंश, दोन्ही पेशीला सारखे महाग पडू शकतात, अटीला यांतले एकही पुरत नाही. नुकसान उशिरा दिसते, ही त्याहून अडचणीची गोष्ट. पान पुढच्या उन्हात जळते, साल फळ पिकवताना काळी पडते, आणि मृगबागेत ऐन थंडीत निसवणारा घड खोडाच्या गळ्यातच अडकून बसतो. तोवर गारठ्याच्या रात्री मागे पडलेल्या असतात. दिसणारी इजा आणि तिची तारीख एकत्र बांधून पाहणाऱ्या कागदाला हे उमजणे अवघड आहे. भरपाईला काही तरी मोजता येणारी अट लागणार, हे आम्ही जाणतो. पण ती अट थंडीला एका झटक्याच्या रूपात पाहते, आणि शेतकऱ्याची भाषा तिला एका प्रक्रियेच्या रूपात पाहते. शास्त्र आज दुसऱ्या बाजूला उभे आहे.

बांधावरचे उपायही या प्रक्रियेच्या समजुतीतून आलेले दिसतात. थंडीच्या रात्री विहिरीचे पाणी बागेला देणे, कारण ते हवेपेक्षा उबदार असते; उत्तरेच्या बाजूने शेवरीची ताटी उभी करणे; पहाटे बांधावर ओला काडीकचरा पेटवून धूर करणे; घडाला पिशवी घालणे. यांतील कोणताही उपाय थिजलेले पटल पातळ करू शकत नाही. दोन-तीन अंश वाचवणे एवढेच त्यांचे काम. पण दहा आणि बारा यांच्यामध्येच सगळा प्रश्न असतो, तेव्हा दोन अंश म्हणजे थोडे नव्हेत.

आम्ही शिकवतो ती अलंकारमीमांसा या सगळ्याने खोटी ठरत नाही. कालिदासाचे हिमाने गेलेले कमळ काव्यच राहील. पण बोलीतील वाक्य उचलून त्याला अलंकाराच्या चौकटीत बसवताना, बोलणाऱ्याने काय पाहिले होते हे आम्ही विचारले नाही. आम्ही गृहीत धरले की शेतकरी जेव्हा ‘जळणे’ म्हणतो, तेव्हा तो आपल्यासारखाच लक्षणेने बोलतो. तो अभिधेने बोलत होता. शास्त्राला ब्यूफाँच्या मडक्यापासून मुराताच्या तंबाखूपर्यंत यायला अडीचशेहून अधिक वर्षे लागली. वाटेत त्याने गोठण्यापासून गारठणे वेगळे केले, गारठण्यात थिजणे शोधले आणि शेवटी जळण्यापाशी येऊन तो उभा राहिला. ते क्रियापद बांधावर आधीच होते.

आता आम्ही विरोधाभासाला दुसरे उदाहरण देतो. ‘थंडीनं केळी जळाली’ हे वाक्य शब्दशक्ती शिकवताना घेतो, वाच्यार्थाचे उदाहरण म्हणून. विद्यार्थी हसतात, हात वर करतात, म्हणतात, ‘सर, पण थंडी कशी जाळेल?’ तेव्हा सालीखालच्या तांबूस रेषांपासून सुरुवात करावी लागते.